साठ पानांचं गणित

रमी, बदाम सात, झब्बू, मेंढीकोट. आपल्या ओळखीच्या पत्त्यांच्या कोणत्याही खेळात एक गोष्ट आपण विचार न करता मान्य केलेली असते. कॅट सगळ्यांचा मिळून एकच. तीच ५२ पानं सर्वांसमोर पिसली जातात, वाटली जातात, आणि हाती येईल त्यावर प्रत्येकाला डाव काढावा लागतो. आता अशी कल्पना करा, की खेळायला येणारा प्रत्येक जण आपापला कॅट घरूनच घेऊन येतो. त्यात कोणती पानं घालायची आणि किती घालायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पानं विकत मिळतात. काही चहाच्या किमतीत, तर काही सोन्याच्या अंगठीच्या किमतीत.

अशा खेळात जिंकणार कोण? ज्याच्या खिशात पैसा तो, हे उत्तर पटकन सुचतं. शाळेतली मुलंही हेच उत्तर देतात आणि पुढच्या पाकिटासाठी आईबाबांच्या मागे लागतात. हे उत्तर कितपत खरं आहे, ते तपासायला अकरावी-बारावीचं संभाव्यतेचं गणित पुरतं. निघणारं उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं नाही, म्हणूनच ते पाहण्याजोगं आहे.

एका गणितज्ञाचा खेळ

या प्रकारचा पहिला यशस्वी खेळ म्हणजे 'मॅजिक : द गॅदरिंग'. ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेतल्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या छोट्या कंपनीनं तो बाजारात आणला. तो रचणारे रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे शिक्षक. निवडी आणि मांडण्या मोजण्याच्या गणितशाखेत त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली होती. शिक्षकांना आणखी एक गंमत आवडेल. पायथागोरसच्या प्रमेयाची समलंब चौकोनावरून दिलेली सिद्धता आपण शिकवतो. ती १८७६ मध्ये प्रसिद्ध करणारे जेम्स गारफील्ड पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. रिचर्ड हे त्यांचे खापरपणतू.

कंपनीचे संस्थापक पीटर अॅडकिसन यांना कुठेही नेता येईल आणि मधल्या फावल्या वेळात खेळता येईल, असा खेळ हवा होता. गारफील्डनी त्यांना पत्त्यांचा असा खेळ दिला, ज्याची सगळी पानं कोणाकडेच नसतील. पुढे याच वाटेनं इतर खेळ आले. आपल्या मुलांच्या तोंडी असलेला पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ १९९६ मध्ये जपानात सुरू झाला. त्यातही कॅट ६० पानांचा असतो, सुरुवातीला हातात ७ पानं येतात आणि एका नावाची जास्तीत जास्त ४ पानं चालतात. म्हणजे खाली जे गणित येईल, त्यातला बराचसा भाग त्या खेळालाही जसाच्या तसा लागू पडतो.

मॅजिकचे नियम बरेच आहेत, पण आपल्याला थोडेच लागतील. प्रत्येकाला सुरुवातीला २० प्राण मिळतात. समोरच्याचे प्राण शून्यावर आणले की डाव जिंकला. पानं मुख्यतः दोन जातींची. एक जमिनीची, दुसरी मंत्रांची आणि योद्ध्यांची. जमिनीचं एक पान दर पाळीला एक शक्ती देतं, आणि त्या शक्तीच्या मोबदल्यात मंत्र टाकता येतात. एका पाळीत एकच जमीन मांडता येते. त्यामुळे सगळं सुरळीत झालं तर पहिल्या पाळीला एक शक्ती, दुसऱ्या पाळीला दोन, तिसऱ्या पाळीला तीन. दर पाळीला एक नवं पान उचलायचं, मात्र जो पहिल्यांदा खेळतो त्याला पहिल्या पाळीला ते मिळत नाही. कॅटात निदान ६० पानं हवीत. साध्या जमिनी कितीही घाला, बाकी कोणत्याही नावाची चारपेक्षा जास्त पानं नकोत.

दुर्मिळ म्हणजे बलवान?

पानं बंद पाकिटांतून विकली जातात. वर्षानुवर्षं चालत आलेली रचना अशी होती : पाकिटात १५ पानं, त्यांतली ११ सर्रास मिळणारी म्हणजे 'कॉमन', ३ मधली आणि १ दुर्मिळ. पाकीट फोडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. चिप्सच्या पाकिटातले टाझो जमवणारी पिढी आता स्वतःच शिक्षक झाली आहे, तिला हे वेगळं सांगायला नको.

पण पान दुर्मिळ आहे, याचा अर्थ ते छापलं कमी गेलं, एवढाच. १९९३ च्या पहिल्या संचात पाच पानांचा एक गट होता. प्रत्येकाची किंमत एक शक्ती आणि प्रत्येकाचा परिणाम कशा ना कशा तीनचा. त्यांतल्या 'अॅन्सेस्ट्रल रिकॉल'मुळे तीन पानं उचलता येतात. ते दुर्मिळ म्हणून छापलं गेलं आणि आज ते सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर आहे. त्याच गटातला 'लाइटनिंग बोल्ट' एका लाल शक्तीत समोरच्याचे तीन प्राण घेतो. तो मात्र कॉमन होता, पुढेही वारंवार छापला गेला, आणि तीस वर्षांनंतरही स्पर्धांत खेळला जातो. उलट बाजूला, 'ब्लॅक लोटस'चं पहिल्या छपाईतलं एक अतिशय जपलेलं पान २०२१ मध्ये लिलावात ५ लाख ११ हजार १०० डॉलरला गेलं. ही जुन्या टपाल तिकिटासारखी संग्राहकांची किंमत आहे. एक प्रकार वगळला तर नेहमीच्या स्पर्धांत ते पान खेळायलाच मनाई आहे.

फक्त कॉमन पानांनी खेळायचाही एक स्पर्धाप्रकार आहे. त्याचं नावच 'पॉपर', म्हणजे कफल्लक. संगणकावरच्या खेळात त्याला २००८ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली, आणि कागदी पानांसाठी एकच नियमावली २०१९ मध्ये झाली. आपण आपला स्वस्त कॅट याच प्रकारासाठी बांधू. तो एकाच रंगाचा, लाल असेल, आणि त्याचं काम एकच : बाण मारत राहायचं.

चार पानं आणि वीस पानं

समजा, कॅटात लाइटनिंग बोल्टची ४ पानं घातली. सुरुवातीच्या ७ पानांत त्यांतलं निदान एक येण्याची शक्यता किती? अशा वेळी उलट्या बाजूनं जाणं सोपं. एकही न येण्याची शक्यता काढू. पिसलेल्या कॅटात ६० जागा आहेत. वरच्या ७ जागा म्हणजे आपला हात. चारही बोल्ट खालच्या ५३ जागांत गेले पाहिजेत. पहिल्याला ६० पैकी ५३ जागा मोकळ्या, दुसऱ्याला उरलेल्या ५९ पैकी ५२, आणि असंच पुढे.

(५३ × ५२ × ५१ × ५०) ÷ (६० × ५९ × ५८ × ५७) = ०.६०

म्हणजे शंभरातल्या साठ डावांत बोल्ट हातात नसेल. चारही पानं घालून ही स्थिती! एकच पान घातलं तर ते हाती येण्याची शक्यता ७ ÷ ६०, म्हणजे १२ टक्क्यांहूनही कमी. महागडं एक पान घेऊन कॅट 'भारी' झाला असं मानणाऱ्या मुलाला हा भागाकार करायला सांगावा. दहातल्या जवळजवळ नऊ डावांच्या सुरुवातीला ते पान त्याच्या हातात नसतं.

मग स्वस्त कॅट काय करतो? तो एका पानावर भिस्त ठेवत नाही. लाइटनिंग बोल्टसारखं काम करणारी इतर कॉमन पानं शोधतो. ती सापडतात. 'चेन लाइटनिंग', 'लाव्हा स्पाइक', 'रिफ्ट बोल्ट' आणि 'स्क्यूअर द क्रिटिक्स' ही चारही पानं एका शक्तीत तीन प्राण घेऊ शकतात. प्रत्येकात काहीतरी खोट आहे. चेन लाइटनिंगची फेड समोरच्याला दोन लाल शक्ती मोजून त्याच पानानं करता येते. लाव्हा स्पाइक योद्ध्यावर चालत नाही, थेट प्रतिस्पर्ध्यावरच टाकावा लागतो. रिफ्ट बोल्ट एका शक्तीत टाकला तर एक पाळी उशिरा लागतो. स्क्यूअर एका शक्तीत तेव्हाच पडतो, जेव्हा त्या पाळीत समोरच्यानं आधी काही प्राण गमावलेले असतात. पण कॅटाच्या दृष्टीनं ही पाचही पानं जवळजवळ एकच. पाच नावं, प्रत्येकी चार, अशी वीस पानं झाली. आता पहिल्या सात पानांत यांतलं एकही न येण्याची शक्यता पाहा.

(४० × ३९ × ३८ × ३७ × ३६ × ३५ × ३४) ÷ (६० × ५९ × ५८ × ५७ × ५६ × ५५ × ५४) = ०.०४८

म्हणजे शंभरातल्या ९५ डावांत सुरुवातीच्या हातात एक तरी बाण असणारच. सरासरी काढली तर ७ × २० ÷ ६० म्हणजे दोनाहून थोडे जास्त. चार पानांची मर्यादा घालणाऱ्या नियमाला ही पळवाट नाही, नियमाच्या आत राहून केलेली युक्ती आहे. सुरुवातीला ही मर्यादा नव्हतीच. नुसते बोल्ट आणि लोटस भरलेले कॅट निघू लागले, तेव्हा ती घालावी लागली.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. ६० ही किमान संख्या आहे, तरी नवखे खेळाडू 'हेही चांगलं, तेही चांगलं' करत ८० पानं कोंबतात. ८० पानांत ४ बोल्ट असतील, तर पहिल्या हातात एक तरी येण्याची शक्यता ४० वरून ३१ टक्क्यांवर उतरते. एकसष्टावं पानसुद्धा बाकीच्या साठांची शक्यता थोडी खाऊनच आत येतं.

जमिनी किती?

मंत्र हातात आहे, पण टाकायला शक्ती नाही. या खेळातल्या रडगाण्यांपैकी अर्धी याची असतात. उरलेली अर्धी याच्या उलट : हातात जमिनीच जमिनी, करण्यासारखं काहीच नाही. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, ते म्हणजे जमिनींची संख्या. आणि हे औषध फुकट आहे, कारण साध्या जमिनी खेळाडू एकमेकांना मूठभर असंच देऊन टाकतात.

१८ जमिनींचा आणि २४ जमिनींचा कॅट शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिल्या ७ पानांत किती जमिनी येतील, त्याच्या शक्यता टक्क्यांत अशा :

एकही नाही : १८ च्या कॅटात ७.०, २४ च्या कॅटात २.२
एक : २४.४ आणि १२.१
दोन : ३३.७ आणि २६.९
तीन : २३.६ आणि ३०.९
चार : ९.१ आणि १९.६
पाच किंवा अधिक : २.१ आणि ८.३

यातला कोणता कॅट चांगला, हे आकडे सांगत नाहीत. ते आपल्या मंत्रांच्या किमतीवर ठरतं. आपले बाण एका शक्तीचे आहेत. एक ते तीन जमिनी आल्या तरी आपलं भागतं, आणि १८ जमिनींच्या कॅटात असा हात सुमारे ८२ टक्के वेळा येतो. ज्याचे मंत्र सहा-सहा शक्तींचे, त्याला १८ जमिनी पुरायच्या नाहीत. त्यानं २४ घातल्या असं धरू. पहिला खेळणारा सहाव्या पाळीपर्यंत एकूण १२ पानं पाहतो. त्यांत सहा जमिनी असण्याची शक्यता किती? जेमतेम ३२ टक्के. म्हणजे ऐटदार, महागडं, सहा शक्तींचं पान 'सहाव्या पाळीला टाकीन' म्हणणाऱ्याचा बेत तीनपैकी दोन वेळा फसतो. आपल्या कॅटात दुसऱ्या पाळीला दोन जमिनी असण्याची शक्यता मात्र ७६ टक्के आहे.

हीच गोष्ट १९९६ मध्ये जे श्नायडर या खेळाडूनं बांधलेल्या लाल कॅटानं दाखवून दिली. अटलांटा इथल्या पात्रता-स्पर्धेत तो कॅट पॉल स्लाय यांनी खेळला आणि दुसरा क्रमांक मिळवला. त्यात 'आयर्नक्लॉ ऑर्क्स'सारखी पानं होती, जी इतर जण हसून बाजूला टाकत. पण पानांच्या किमतींची वाटणी विचारपूर्वक केलेली होती. एका शक्तीची पानं बरीच, दोनची थोडी कमी, तीनची त्याहून कमी. असं का, ते साध्या बेरजेनं कळतं. दर पाळीला एक जमीन पडली, तर पहिल्या चार पाळ्यांत मिळून १ + २ + ३ + ४ = १० शक्ती मिळतात. ज्याच्या हातात सगळी चार शक्तींची पानं आहेत, तो पहिल्या तीन पाळ्या हात बांधून बसतो आणि १० पैकी ४ शक्ती वापरतो. हलक्या पानांचा खेळाडू जवळपास सगळी वापरतो. दहा शक्तींची साधारण पानं चार शक्तींच्या उत्तम पानांवर भारी पडतात. त्या खेळाडूचं आडनाव पुढे अशा कॅटांच्या जातीलाच चिकटलं.

चौथ्या पाळीचा हिशोब

आता आपल्या कॅटाकडे येऊ. १८ डोंगर, कारण लाल शक्ती डोंगरातून मिळते. वर सांगितलेले २० बाण. चार 'फायरब्लास्ट' : हे पान दोन डोंगरांचा बळी देऊन, शक्ती न मोजता टाकता येतं आणि चार प्राण घेतं. शेवटचा घाव म्हणून ते उत्तम, कारण डाव संपणारच असेल तर डोंगर कोणाला हवेत? उरलेली १८ पानं दोन शक्तींच्या आसपासची. त्यांत 'थर्मो-अल्केमिस्ट'सारखे योद्धे आले, जे आपण मंत्र टाकत राहिलो की एकेक प्राण टिपत राहतात.

६० पैकी ४२ पानं म्हणजे ७० टक्के पानं घाव घालणारी. पहिला खेळणारा चौथ्या पाळीपर्यंत ७ + ३ = १० पानं पाहतो. त्यांत सरासरी ३ डोंगर आणि ७ घाव. प्रत्येक घाव ढोबळमानानं तीनचा धरला तर ७ × ३ = २१. समोरच्याचे प्राण २०. शक्ती पुरेल का? १ + २ + ३ + ३ = ९, आणि एका शक्तीच्या सात पानांना सातच लागतात. दोन शक्तींची दोन पानं मध्ये आली तरी चालतात. म्हणजे समोरच्यानं काहीच अडथळा आणला नाही, तर सरासरीनं चौथ्या पाळीला डाव संपतो. हा योगायोग नाही. १८ हा आकडा असाच उलट्या बाजूनं, शेवटाकडून मागे येत ठरवलेला असतो.

अर्थात सरासरी म्हणजे हमी नव्हे, आणि समोरचा काही स्वस्थ बसत नाही. खेळणं सुरू होतं ते इथून.

बाण कोणावर?

एक प्रसंग घेऊ. तुमचे प्राण ८, समोरच्याचे ९. त्याचा एक योद्धा दर पाळीला तुमचे तीन प्राण घेतो. तुमच्या हातात एका शक्तीचे तीन बोल्ट आहेत आणि समोर दोन डोंगर. पाळी तुमची. योद्धा मारायचा की प्रतिस्पर्ध्यावर नेम धरायचा?

नवखा खेळाडू योद्धा मारतो, कारण तो डोळ्यांसमोर दिसतो. हिशोब करा. दोन बोल्ट थेट प्रतिस्पर्ध्यावर टाकले, तर त्याचे ३ उरतात. तो हल्ला करतो, तुमचे ५ उरतात. पुढच्या पाळीला तिसरा बोल्ट, डाव संपला. त्याला तुम्हाला संपवायला तीन हल्ले लागणार होते, तुम्हाला दोन पाळ्या लागल्या. योद्ध्याकडे पाहायचंही कारण नव्हतं.

आता तुमचे प्राण ८ ऐवजी ३ आहेत असं धरा. पुढच्या हल्ल्यात तुम्ही संपता, म्हणून एक बोल्ट योद्ध्यावर जाणं भागच आहे. त्याची किंमत किती पडली? दुसरा बोल्ट प्रतिस्पर्ध्यावर, त्याचे ६ उरले. हातात एक बोल्ट. पुढच्या पाळीला उचललेलं पान बाण निघालं, तर दोन्ही टाकून त्याच पाळीला जिंकता. ते पान डोंगर असण्याची शक्यता साधारण ३० टक्के. म्हणजे योद्धा मारण्याची किंमत म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास उशीर होण्याचा धोका. (उरलेला प्रत्येक घाव एका शक्तीत तीनचा नसतो, म्हणून धोका प्रत्यक्षात थोडा जास्तच.) किंमत अशी आकड्यात समोर आली, की निर्णय भावनेवर राहत नाही. मायकेल फ्लोरेस या खेळाडूनं १९९९ मध्ये लिहिलेला एक लेख या वर्तुळात अजून वाचला जातो. त्याचा विषय हाच : या डावात हल्ला करणारा कोण आणि सांभाळून खेळणारा कोण, हे ओळखा. ते ओळखण्यात चूक झाली तर चांगला हातही वाया जातो.

पैसा नेमकं काय विकत घेतो

मग पैशाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो कुठे आहे ते पाहणं महत्त्वाचं.

समजा, आपल्या लाल कॅटात निळ्या रंगाचे मंत्रही हवेत. निळी शक्ती बेटांतून मिळते. १८ जमिनींपैकी ९ डोंगर आणि ९ बेटं केली. पहिल्या हातात एक तरी डोंगर असण्याची शक्यता एकट्या लाल कॅटात ९३ टक्के होती, ती आता ७० वर येते. यावर उपाय म्हणजे दोन्ही रंग देणारी जमीन. १९९३ मध्ये अशा जमिनी दुर्मिळ पानं म्हणून आल्या, आणि १९९६ मध्ये कंपनीनं पुन्हा न छापायच्या पानांची जी यादी जाहीर केली, तिच्यात त्या आहेत. त्यामुळे त्यांच्या किमती चढतच गेल्या. जुनी पानं चालणाऱ्या प्रकारांतल्या महागड्या कॅटांत पैशाचा मोठा वाटा बहुधा या जमिनींत अडकलेला असतो. गावातली परिस्थिती काही वेगळी नाही म्हणा!

दोन रंगांच्या कॉमन जमिनीही आहेत, स्वस्त आहेत. पण त्यांतल्या बऱ्याचशा मांडताना आडव्या पडतात, म्हणजे त्या पाळीला शक्ती देत नाहीत. पैसे वाचले, पण वेळ गेला. चौथ्या पाळीला संपवू पाहणाऱ्या कॅटाला एक पाळी म्हणजे पाव आयुष्य. तेव्हा पैसा ७० आणि ९३ मधला फरक विकत घेतो, आणि त्यातून बहुरंगी, लवचीक कॅट मिळतो. एकरंगी कॅटाला तो फरक मुळातच भरून काढावा लागत नाही. त्याची किंमत तो दुसरीकडे मोजतो : त्याच्याकडे एकच बेत असतो.

त्या बेताचं वर्म सगळ्यांना ठाऊक असतं. 'वेदर द स्टॉर्म' हे हिरवं कॉमन पान तीन प्राण देतं, आणि त्या पाळीत आधी पडलेल्या प्रत्येक मंत्रामागे आणखी तीन, मग तो मंत्र कोणीही टाकलेला असो. तुम्ही एका पाळीत दोन बाण मारलेत आणि त्यावर हे पान पडलं, तर त्याला ९ प्राण मिळतात. तुमची तीन पानं पाण्यात. म्हणून समोर हिरवा रंग दिसला की जाणता खेळाडू एका पाळीत एकच बाण मारतो, गती कमी झाली तरी. तीन डावांच्या सामन्यात पहिल्या डावानंतर १५ राखीव पानांतून बदल करता येतो. तिथे हे पान बहुतेक वेळा येतंच.

पाकीट की सुटं पान

स्वस्त कॅट बांधणाऱ्यानं एक गोष्ट कटाक्षानं टाळायची, ती म्हणजे बंद पाकिटं. समजा, एका संचात ६० दुर्मिळ पानं आहेत आणि प्रत्येक सारख्याच प्रमाणात घातलेलं आहे. हवं असलेलं एक पान मिळायला सरासरी ६० पाकिटं लागतील, चार मिळायला २४०. आणि ६० पाकिटं फोडल्यावरही ते एकदाही न मिळण्याची शक्यता ५९/६० चा साठावा घात, म्हणजे ३६ टक्के. शाळेबाहेर पाकिटं घेणाऱ्या मुलाला लॉटरीवर व्याख्यान देण्यापेक्षा हा घात काढून घ्यावा. सुटी पानं विकणारे असतात, आपसांत अदलाबदलही चालते. हवं तेच पान, हवं तितकंच घ्यावं.

तेही घाईनं नको. आधी कोऱ्या चिठ्ठ्यांवर पानांची नावं लिहून घरी कॅट खेळून पाहता येतो. अधिकृत स्पर्धेत अशी पानं चालत नाहीत, सरावाला कोणाची ना नाही. मात्र सरावाचे निकाल वाचताना जपून. दहा डावांत सात जिंकले म्हणून कॅट चांगला, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. दोन्ही कॅट अगदी तुल्यबळ असले तरी दहात सात किंवा अधिक डाव जिंकण्याची शक्यता १७६ ÷ १०२४, म्हणजे १७ टक्के असते. पन्नासेक डाव खेळावेत, मग पानं बदलावीत, आणि एका वेळी एकच बदल करावा. विज्ञानाच्या प्रयोगात एकच घटक बदलतो, तसं.

वर्गात करून पाहा

खेळाची पानं न आणताही यातला गाभा वर्गात दाखवता येतो. प्रत्येक जोडीला जुन्या लग्नपत्रिकांचे ६० सारखे तुकडे करायला सांगा. १८ वर 'डो' लिहायचं. नीट पिसून वरचे ७ उचलायचे, 'डो' मोजायचे, नोंद करायची, परत मिसळायचे. वीस जोड्यांनी प्रत्येकी १५ वेळा केलं की ३०० नोंदी होतात. फळ्यावर स्तंभालेख काढा आणि वरच्या तक्त्याशी ताडून पाहा. दोन 'डो'चा स्तंभ शंभराच्या आसपास जावा, शून्याचा वीस-एकवीसच्या.

आकडे फारच वेगळे आले, तर दोष बहुधा पिसण्याचा असतो. चार पानं वरून खाली, चार खालून वर, अशा आपल्या नेहमीच्या पिसण्यानं पानं फारशी मिसळत नाहीत. दोन गड्ड्यांची पानं एकमेकांत सोडत जाण्याच्या पद्धतीनं ५२ पानं नीट मिसळायला सुमारे सात वेळा पिसावं लागतं, असं डेव्ह बेअर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. पत्रिकांचे तुकडे असे पिसता येत नाहीत. ते पिशवीत घालून हलवावेत आणि न बघता एकेक काढावेत. दुसऱ्या दिवशी आणखी ६ तुकड्यांवर 'डो' लिहून २४ करा आणि तोच लेख पुन्हा काढा. उरलेले तुकडे कोरेच राहू द्यावेत.